काळ्यावर पिवळी अक्षरं

महाप्याच्या त्या ऑफिसात दीक्षा गमरेचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब होतं. उजेड डोळ्यांवर आला की तिला काहीच दिसायचं नाही. कॉलेजात असतानाच तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून समोरच्याचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाकडे बघायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आजार आहे तिथे थांबलाय, पुढे सरकेल का ते सांगता येत नाही. तेव्हापासून तो थांबलेलाच होता.

ऑफिसात जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून त्यांची ई-बुकं बनवत. दीक्षा मुद्रितं तपासायची. मालक दिलीप कारखानीस यांनी सगळ्या मशिनांवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि ती मशिनं सांभाळायला पार्थ सबनीस होता. दीक्षा नोकरीला लागली तेव्हा पहिले काही दिवस ती स्क्रीनला नाक लावून काम करायची. ते पार्थने बघितलं आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन बसला.

"हे असं नाही चालणार," तो म्हणाला. "लिनक्स आहे, हवं तसं वाकवता येतं. तुला कुठला रंग नीट दिसतो?"

"काळ्यावर पिवळा. पांढरा टोचतो."

त्याने रोज जेवणाची सुट्टी तिच्यासाठी घालवली. पांढरा स्क्रीन काळा झाला, अक्षरं पिवळी आणि मोठी झाली, माऊसचा बाण बोटाएवढा झाला. खालची चिन्हांची पट्टी तिला गोंधळात टाकायची, ती त्याने काढून टाकली आणि प्रत्येक कामाला एकेक बटण ठरवून दिलं. स्क्रीनवरच्या खिडक्यांना त्याने हिरव्या रंगाच्या जाड कडा लावल्या, त्या त्याला फार आवडायच्या. सगळं झालं तेव्हा दीक्षाने एक अख्खं पान पाठ टेकून, आरामात बसून वाचलं आणि लगेच पुढचं उघडलं. त्या दिवशी त्याने जे केलं ते मनापासून केलं होतं, यात शंका नाही.

त्यानंतर ऑफिसात कुणीही पाहुणा आला की दिलीप सर त्याला दीक्षाच्या टेबलापाशी आणायचे. "हे आमच्या पार्थने केलंय," ते सांगायचे. पार्थ तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा.

पण अक्षरं दिसायला लागल्यावर दीक्षा वाचायला लागली. मुद्रितं तर वाचलीच, शिवाय लिनक्सबद्दलही. हळूहळू तिने स्वतःच बदल करायला सुरुवात केली. घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळायचे, म्हणून दुसरा फॉन्ट शोधला. ओळींमधलं अंतर वाढवलं. एक बटण असं बसवलं की ज्या ओळीवर आपण आहोत तेवढीच मोठी व्हावी. आणि एके दिवशी हिरव्या कडा काढून टाकल्या.

"माझी थीम कुठे गेली?" पार्थने विचारलं.

"काढली. त्या कडा डोळ्यात खुपायच्या."

"विचारायचंस तरी."

"माझंच मशीन आहे ना, पार्थ."

शेजारच्या टेबलावरची गीतांजली हसली. पार्थही हसला.

मग लोक तिच्याकडे यायला लागले. कुणाला मोठी अक्षरं हवी, कुणाला उजव्या हाताचं मनगट दुखतं म्हणून सगळी बटणं डावीकडे हवी. पार्थला हाक मारली की तो "बघतो" म्हणायचा आणि संध्याकाळ करायचा. दीक्षा उठून लगेच करून द्यायची. वर्षभराने दिलीप सरांनी तिला मुद्रितांच्या टीमची हेड केलं. त्याच आठवड्यात पुण्याचे एक प्रकाशक आले होते. सर त्यांना तिच्या टेबलापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "हे सगळं हिने स्वतः केलंय." पार्थ बाजूलाच केबल हातात घेऊन उभा होता.

ऑफिसातल्या सगळ्या मशिनांमध्ये पार्थला आपल्या जागेवरून जाता यायचं. दुसऱ्या दिवशी त्याने दीक्षाच्या मशीनमध्ये कोडची एक ओळ घातली. तिच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये नाही, तिथे तिने लगेच पकडलं असतं. मशीन सुरू होताना चालणाऱ्या ज्या भागाकडे कुणी बघत नाही, तिथे घातली. दीक्षा लॉग-इन झाली की अख्खा स्क्रीन किंचित आकसायचा आणि रंग किंचित मळायचा. फॉन्टचा आकडा तोच राहायचा. इतका थोडा फरक, की चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही कळला नसता. दीक्षालाही कळला नाही. दोन आठवड्यांनी त्याने तो आणखी थोडा वाढवला.

तीनेक महिन्यांनी ती त्याच्या टेबलाशी आली.

"पार्थ, माझी अक्षरं लहान झाल्यासारखी वाटतायत. तू काही अपडेट टाकलंस का?"

तो उठून तिच्या जागेवर गेला. फॉन्टची खिडकी उघडली आणि तिला आकडा दाखवला. "हे बघ, तेवढंच आहे. तूच ठेवलेलं."

"रंग पण फिका वाटतो."

"रंग पण तोच आहे." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "डोळे दाखवलेस का एवढ्यात?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. डॉक्टरांनी मशीनवर डोळे तपासले, पुन्हा तपासले. म्हणाले, फारसा फरक दिसत नाही, पण या आजारात कधीकधी पेशंटला आधी कळतं आणि मशीनला नंतर. दीक्षाने त्यातलं एवढंच घरी आणलं, की पेशंटला आधी कळतं.

ती आईबरोबर कोपरखैरणेला राहायची. आई शर्मिला, मूळची मंडणगडची. दीक्षाचा बाप लवकर गेला तेव्हा तिने बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात शिपायाची नोकरी करून मुलीला शिकवलं होतं. आईने ऐकून घेतलं, ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले. मिठाच्या डब्याला सुती कापडाची पट्टी, साखरेच्या डब्याला दोन, तिखटाच्या डब्याला सुतळी. रोज संध्याकाळी ती दीक्षाच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि चहा करायला लावायची.

"आई, अजून दिसतंय मला."

"दिसतंय तवरच शिकून घे. मागनं मी असेन, नसेन."

एकदा उकळतं पाणी हातावर सांडलं. आईने हात नळाखाली धरला आणि तो निवल्यावर ओढणी पुन्हा बांधली. रविवारी दीक्षा ब्रेलच्या वर्गाला जायला लागली. तिथे तिच्या शेजारी बसणाऱ्यांना खरंच काही दिसत नव्हतं. बोटांखालचे ठिपके समजत नसले की ती चोरून कडेच्या नजरेने बघायची आणि मग तिला स्वतःची लाज वाटायची.

ऑफिसात तिच्या हातून चुका राहायला लागल्या. एका कादंबरीत 'भरण'च्या जागी 'मरण' गेलं, प्रकाशकाचा फोन आला. ती पुन्हा पार्थकडे गेली. नंतर आणखी एकदा गेली. प्रत्येक वेळी तो काम टाकून उठायचा, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा, फॉन्टचा आकडा वाढवून द्यायचा. चार दिवस बरं वाटायचं. मग तो आपल्या जागेवरून स्क्रीन तेवढाच आकसवायचा. आकडा वाढत वाढत कुठल्या कुठे गेला, तरी अक्षरं तिला धड दिसेनात.

"पार्थ किती करतो ना तुझ्यासाठी," गीतांजली म्हणायची.

"हो ना," दीक्षा म्हणायची.

धम्मपालशी तिचं लग्न ठरलं होतं. तो वाशीला एपीएमसीच्या धान्य बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेब बघायचा. हॉटेलात गेल्यावर तो तिला मेनू वाचून दाखवायचा नाही. ती कार्ड डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचायची आणि तो पाणी पीत थांबायचा. त्याची ही गोष्ट तिला सगळ्यात आवडायची. डोळ्यांचं तिने त्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बघू ना. दोघं मिळून बघू."

तिने रात्री पडल्या पडल्या त्याच्याबरोबरचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोर आणून बघितलं. तो तिला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेतोय, तो तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढतोय, आणि कधीतरी, दहा वर्षांनी, कंटाळतोय. मग तिने त्याला कोपरखैरणे स्टेशनबाहेर बोलावलं.

"हे लग्न मला करायचं नाही."

"डोळ्यांमुळे?"

"तुला आंधळी बायको सांभाळायची हौस असेल. ती मला पुरवायची नाही."

"मी तुझ्यावर कधी दया केली, दीक्षा?"

"करशील."

तो जाईना. तेव्हा ती म्हणाली, "डोळ्यांचं सोड. तू मला कधी आवडलाच नव्हतास. घरच्यांनी आणलं म्हणून हो म्हटलं." हे बोलताना तिने मुद्दाम सरळ त्याच्याकडे बघितलं, म्हणजे त्याचा चेहरा दिसू नये. पावलं लांब गेलेली तिला ऐकू आली.

धम्मपालच्या घरच्यांनी मग वेळ घालवला नाही. पावसाळ्याआधी त्याचं लग्न झालं. मुलगी महाडची, उज्वला नावाची.

दीक्षाने टीमची हेडशिप सोडली, ती गीतांजलीला मिळाली. दिवाळीनंतर तिने राजीनामा दिला. पार्थला कळलं तेव्हा तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"घाई करतेयस."

"चुका होतात रे. लोकांची पुस्तकं आहेत."

"जाऊ नकोस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं.

शेवटच्या आठवड्यात गीतांजलीने तिला एक काम सांगितलं. गीतांजलीचं डोकं दुखायचं, पांढऱ्या स्क्रीनकडे बघवायचं नाही. "तू जाणारच आहेस तर तुझं ते काळं-पिवळं माझ्याकडे लावून दे ना. तुझी आठवण राहील."

दोघींचे मॉनिटर एकाच वेळी घेतलेले, एकाच मापाचे. पार्थ त्या दिवशी सुट्टीवर होता, म्हणून दीक्षाने स्वतःच आपल्या सेटिंगचं फोल्डर गीतांजलीच्या मशीनमध्ये जसंच्या तसं उतरवलं आणि पुन्हा लॉग-इन केलं.

स्क्रीन काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. मोठी, ठळक, पिवळीधमक. दीक्षा त्यांच्याकडे बघत राहिली. ती मागे सरकली, तरी वाचता येत होतं. खुर्ची आणखी मागे ढकलली, तरीही.

"काय गं?" गीतांजलीने विचारलं.

दीक्षा उठून आपल्या टेबलाशी गेली. तेच पान उघडलं. परत गीतांजलीच्या स्क्रीनपाशी आली. मग तिने गीतांजलीला आपल्या जागेवर बसवलं आणि मशीन सुरू होताना जे जे चालतं ते एकेक करून उघडायला लावलं. ती सांगत गेली, गीतांजली वाचत गेली. संध्याकाळी ती ओळ सापडली. ओळीत दीक्षाचं नाव होतं, म्हणजे दुसऱ्या कुणी त्या मशीनवर लॉग-इन केलं तर काही होऊ नये. वर, स्क्रीन दर वेळी किती आकसवला त्याचे जुने आकडे एकाखाली एक तसेच ठेवलेले होते.

"म्हणजे काय?" गीतांजली म्हणाली, पण तिला कळलं होतं.

"त्याला सांगू नकोस," दीक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पार्थ आला तेव्हा दीक्षाने त्याला हाक मारली.

"परत अंधुक वाटतंय?" त्याने त्याच हळू आवाजात विचारलं.

"हो. किती वाईट झालंय ते बघ ना."

तो वाकला. आकडा बघितल्यासारखं केलं. "दीक्षा, मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. सेटिंग सगळं जिथल्या तिथे आहे. आता हे स्वीकारायला हवं."

"स्वीकारलं. फक्त तिथे काय लिहिलंय ते वाचून दाखव."

तिने गीतांजलीच्या स्क्रीनकडे बोट केलं. तिथे तेच पान होतं, दीडपट मोठं. पार्थने पहिला शब्द वाचला आणि थांबला.

"अपडेटमुळे झालं असेल," तो म्हणाला.

"अपडेटला माझं नाव माहीत आहे का?"

आसपासच्यांनी टायपिंग थांबवलं होतं. मग पार्थ खुर्चीवर बसला, नेहमी तिच्या शेजारी ओढून बसायचा त्याच खुर्चीवर.

"तू विचारायला यायचीस," तो म्हणाला. "बरं वाटायचं."

"कधी थांबणार होतास?"

"मला वाटायचं, एकदा तरी म्हणशील, पार्थ, तुझं ते पहिलं सेटिंग परत लावून दे. मी त्याच दिवशी सगळं काढून टाकलं असतं. पण तू एकदा पण म्हणाली नाहीस."

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. दीक्षाने पर्स घेतली आणि घरी निघून गेली.

आईला सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "म्हंजे तुला दिसतंय?"

"होतं तेवढंच दिसतंय. पहिल्यासारखं."

आईने डब्यांच्या फळीकडे बघितलं. कापडाच्या पट्ट्या, सुतळी, सगळं नीट रांगेत होतं. "मंग हे काढू का?" तिने विचारलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंडाला पदर लावून रडली.

दुसऱ्या दिवशी दीक्षा धान्य बाजारात गेली. दुपारची वेळ होती, गाळ्यांवर गर्दी ओसरली होती. धम्मपाल बाहेर आला. गोणपाटाचा वास त्याच्या कपड्यांना होता. ती त्याच्या कानाकडे बघत होती, त्याचा चेहरा थोडा भरला होता. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. स्टेशनबाहेर जे बोलली ते खोटं होतं, हेही सांगितलं.

धम्मपालने कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं.

"म्हणजे डोळ्यांना काही झालं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"चांगलं झालं."

"धम्मपाल, मला फक्त तुला कळायला हवं होतं."

"उज्वलाला सातवा महिना आहे." तो खाली सांडलेल्या तांदळांवरून पाय बाजूला घेत म्हणाला. "मी रोज स्वतःला सांगायचो, त्या पोरीला आपण आवडलोच नव्हतो. त्याच्यावर माझं बरं चाललं होतं. आता मी काय सांगू स्वतःला?"

तिने पर्सचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला.

"तू हे सांगायला यायला नको होतंस," तो म्हणाला आणि गाळ्यात गेला.

सोमवारी दिलीप सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. गीतांजलीने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मूर्ख आहे तो," सर म्हणाले. "मी त्याला झाडलंय. पण पोलीस वगैरे नको. इतक्या वर्षांचं ऑफिस आहे, वीस जणांचं पोट आहे. तुला परत हेड करतो. राजीनामा फाडून टाकू."

"चालेल, सर."

इतक्या पटकन हो येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "आणि पार्थचं काय? काढून टाकू म्हणतेस?"

"नको. राहू द्या. तक्रार मी लिहून ठेवलीय, तो इथे आहे तोवर देत नाही. फक्त एक करायचं. रोज सकाळी सगळे आल्यावर त्याने माझ्या टेबलाशी यायचं, पट्टीने माझ्या स्क्रीनवरच्या अक्षराची उंची मोजायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं."

"किती दिवस?"

"मी सांगेन."

सरांना ते स्वस्त वाटलं. ते हो म्हणाले.

पहिल्या सकाळी पार्थ शाळकरी प्लास्टिकची पट्टी घेऊन आला. तो तिच्या स्क्रीनपुढे गुडघ्यांवर वाकला, पट्टी 'क'ला लावली आणि पुटपुटला. "ऐकू नाही आलं," दीक्षा म्हणाली. तो मोठ्याने म्हणाला, "नऊ मिलिमीटर." मागे कुणीतरी हसलं. त्या आठवड्यात सगळेच हसत होते, चहाला गेले की एकमेकांना नऊ मिलिमीटर म्हणायचे. पुढच्या आठवड्यात कुणी हसलं नाही. त्यानंतर सकाळी ती वेळ झाली की लोक पाणी भरायला उठायला लागले. पार्थ बारीक झाला. दुसरीकडे नोकरी मिळाल्याचं त्याने सरांना सांगितलं. सरांनी दीक्षाकडे बघितलं, दीक्षा म्हणाली, "मग मी तक्रार देते." तो राहिला.

थंडी सरता सरता एका दुपारी गीतांजली तिच्याजवळ आली. हेडशिप गेल्यापासून ती दीक्षाशी कामापुरतंच बोलायची.

"बस झालं ना आता," ती म्हणाली. "पट्टी धरताना त्याचे हात थरथरतात, माहितीये तुला?"

"मला दिसत नाही," दीक्षा म्हणाली.

"दीक्षा, तू अशी नव्हतीस."

"मग कशी होते? तू शेजारीच बसायचीस. मी स्क्रीनला नाक लावून बसायचे, तेव्हा तू म्हणायचीस, पार्थ किती करतो."

गीतांजली आपल्या जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्थ आला. ताप असावा, त्याचा श्वास गरम लागत होता. तो वाकला, पट्टी लावली, "नऊ," म्हणाला आणि उठायला लागला. दीक्षाने त्याच्या कानाकडे बघितलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते, डोळे लाल होते. सगळं तिला स्वच्छ दिसत होतं.

"नीट नाही लावलीस," ती म्हणाली. "परत मोज."